ऊब लागली की उघडतात
रविवारी दुपारी नेवेंका अंजिराच्या झाडाखाली बरगडीवर गहू भरलेली, गरम केलेली शेकाची पिशवी धरून बसली होती. ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलच्या बंदरावरून दुपारचा गार वारा सुटायला अजून वेळ होता.

"अगं, एवढ्या उकाड्यात शेक कसला घेतेस?" कुंपणापलीकडून थेल्माने विचारलं.

"शेक नाही गं, औषध उघडतेय. माझ्या येलेनाने बनवलंय. इतके बारीक कण, की डोळ्याला दिसायचे नाहीत. औषध पोटात घेऊन गप्प बसतात, ऊब लागली की उघडतात. तुझा मुलगा काय बनवतो?"

"सबबी," थेल्मा म्हणाली, आणि दोघी खो खो हसल्या.

येलेना पायरीवर सार्डिन मासे साफ करत होती. तिने मान वर केली नाही. कण तिचेच होते. ऊब लागली की उघडतात, हेही तिनेच उत्साहाने सांगितलं होतं, आईचा कर्करोग कळायच्या आधी. पण ते अजून उंदरांपलीकडे गेले नव्हते. आईच्या शिरेतून जायचं ते जुनं, साधं औषध. प्रयोगशाळा आणि इस्पितळ एकाच आवारात. सलाइन लागलं की मुलगी शेजारी येऊन बसायची. सलाइनमधून जातं ते मुलीचंच औषध, असा आईने तिचा तिचा अर्थ काढला. पहिल्याच दिवशी तो खोडायचा राहिला, आणि मग रोज जास्त अवघड होत गेला.

"आई..."

"काय गं?"

"फार गरम नाही ना? कातडी भाजेल."

"भाजू दे. तुझे कण तुझ्यासारखेच आळशी. हाका मारल्याशिवाय उठत नाहीत."

मंगळवारी सकाळी नेवेंका गेली.

दफनानंतर घर माणसांनी भरलं. जो तो येलेनाचा हात दाबून म्हणे, "तुझ्या औषधाने तिला एवढा तरी उन्हाळा मिळाला." येलेना मान हलवत राहिली. माणसं गेली, आणि घरात फ्रिजचा आवाज तेवढा उरला.

काही दिवसांनी थेल्मा कुंपणाशी आली. आज थट्टा नव्हती.

"पोरी, माझ्या बहिणीलाही तेच निघालंय. तुझं ते औषध तिला मिळेल का गं? नेवेंकाला दिलंस तसं?"

नुसतं 'बघते' म्हटलं असतं, तरी वेळ निभावली असती. येलेनाने कुंपणाची फळी घट्ट धरली.

"थेल्मामावशी, ते आईला कधी दिलंच नव्हतं. ते अजून माणसांसाठी नाही. तिच्या सलाइनमध्ये माझं काही नव्हतं. मी नुसती शेजारी बसायचे."