मटणाची ड्यूटी

"परत मोज," सुपरिंटेंडेंट गुरुराज साहेब म्हणाले, आणि त्रिंबक सर्वगोड तिसऱ्यांदा त्या बर्फाच्या खोलीत शिरला.

होटगी रोडवरच्या चन्नवीर शेठच्या कोल्ड स्टोरेजमध्ये एरवी बेदाणा आणि चिंच असते. गेले काही दिवस तिथल्या एका खोलीत कस्टमने पकडलेले परदेशी बदकांच्या मांसाचे खोके होते. मोडनिंबजवळ हायवेवर ट्रक अडवला, तेव्हा कागदावर गोठवलेले वाटाणे होते आणि आत चोरून आणलेलं मांस. रोगराईच्या भीतीने असा माल विकता येत नाही, कोणाला फुकट देताही येत नाही. खड्डा खणून, फिनेल ओतून, चुन्याखाली गाडावा लागतो. उद्या सकाळी कुंभारीच्या माळावर तो गाडायचा होता आणि आज मोजणीत एक खोका कमी भरत होता.

"एक कमीच हाय साहेब," त्रिंबक बाहेर येऊन म्हणाला. त्याच्या भुवयांवर दव धरलं होतं.

"कुणी नेला ते मागनं बघा ओ," चन्नवीर शेठ दारातून म्हणाले. "आधी एवढं हलवा हितनं. माझ्या बेदाण्याला वास लागला तर कोण घेणार?"

त्रिंबक ऑफिसात हेड हवालदार. सोन्याची बिस्किटं सापडली की त्यांना हात लावायला अख्खं ऑफिस पुढे असतं, कारण दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. मांस सापडलं की मात्र एकाची एकादशी निघते, दुसऱ्याचा सोमवार, तिसऱ्याला नुसत्या नावानेच मळमळतं. बदक असो की डुक्कर, ऑफिसच्या भाषेत ते सगळं मटणच, आणि मटणाची ड्यूटी त्रिंबकची. असं का, ते कोणी सांगितलं नाही, त्यानेही कधी विचारलं नाही. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, इतकंच.

महिनाअखेरीस तो निवृत्त होणार होता. नोकरीकडून आता त्याला एकच हवं होतं. इतकी वर्षं लाखोंच्या मालावर पहारा केला आणि कशाला बोट लावलं नाही, ते नाव तसंच्या तसं घरी न्यायचं होतं.

गुरुराज साहेबांनी त्याला बाजूला घेतलं. नाकावरचा रुमाल खाली केला आणि हळू आवाजात म्हणाले, "त्रिंबक, घरी नेला असशील तर सांग. मी कागदावर बसवून देतो. तुमच्यात चालतं, मला माहीत आहे. वाईट वाटून घेऊ नको."

ओरडून विचारलं असतं तर त्रिंबक भांडला असता. साहेब मायेने विचारत होते. अशा मायेशी भांडायचं कसं, हे त्याला या वयापर्यंत कोणी शिकवलं नव्हतं.

"चालतं की साहेब," तो म्हणाला. "मला लई आवडतं मटण. पन विकत आणून खातो, रविवारी दुकानापुढं रांगेत उभं राहून. घर बघायचं तर आत्ताच चला. दोन पंच घ्या सोबत आन् फ्रिज उघडून बघा."

"अरे, तसं नाही म्हणालो मी."

"तसंच म्हनालात की."

घर तपासायला कोणी आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. संशय तपासला की संपतो, न तपासता ठेवला की लोणच्यासारखा मुरत जातो.

घरी बायकोने, मीनाबाईने, सगळं ऐकून घेतलं आणि परातीतला हात थांबवला. "आन् तुमी सांगितलं न्हाय? आषाढी पुनवंपासनं आपला वर्षावास चालू हाय म्हनून? तीन म्हैनं आपल्यात अंडं सुदिक येत न्हाय घरात. रोज सांजच्याला विहारात ग्रंथ ऐकायला बसतो आपन. साऱ्या गल्लीला ठाव हाय."

"न्हाय सांगितलं."

"का पन?"

"सांगितलं असतं तर सुटलो असतो की. आन् हाच खोका दिवाळीत हरवला असता तर? मग चोर मीच का? खानारा मानूस चोर असतो, हे मी माज्या तोंडानं कबूल करू?"

भाकरीवर मीनाबाईचा हात जोरात पडू लागला. त्रिंबक दाराशी जाऊन बसला. त्याला राग आला होता, पण रागाहून जास्त लाज वाटत होती, काही केलेलं नसताना. या लाजेचाच त्याला सगळ्यात जास्त राग येत होता.

सकाळी माळावर जेसीबीने खड्डा तयार केला होता. ट्रक मागे येऊन खड्ड्याशी लागला, आणि तेवढ्यात इन्स्पेक्टर अनिमेष फोन बघत बघत आला. पोरगं नोकरीत नवं होतं, पुण्याकडचं.

"सर, तो खोका... मीच लॅबला पाठवला होता, तपासणीसाठी. नमुना नको, पूर्ण खोकाच पाठवा म्हणाले होते ते. माझ्या डोक्यातूनच गेलं. सॉरी सर."

"अरे, रात्रभर झोप नाही मला," गुरुराज साहेब हसले. "चला, मिटलं एकदाचं."

सॉरी साहेबांना मिळालं. त्रिंबकच्या वाट्याला आलं ते एवढंच, "हं, त्रिंबक, सुरू कर."

त्याने सुरू केलं. एकेक खोका फाडला, पिशव्या चिरल्या, वर फिनेल ओतलं, म्हणजे मागून कोणी उकरून न्यायला नको. बाकीचे वाऱ्याच्या वरच्या बाजूला लिंबाखाली उभे होते. चुना टाकून झाल्यावर जीपमध्ये त्याच्या बाजूची काच कोणीतरी न बोलता खाली केली.

महिनाअखेरीस निरोप समारंभ झाला. मीनाबाईलाही बोलावलं होतं. शाल, नारळ, हार झाले. गुरुराज साहेब भाषणात म्हणाले की त्रिंबक म्हणजे ऑफिसचा विश्वास, काडीचाही फरक कधी आला नाही. हे ते अगदी मनापासून बोलत होते. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती.

श्रावण असल्याने जेवणात शेंगापोळी, मसालेभात आणि दही होतं. सगळे बसले, तेव्हा अनिमेषने एक मोठा डबा आणून त्रिंबक आणि मीनाबाईच्या पुढे ठेवला.

"काका, हे खास तुम्हा दोघांसाठी. काळं मटण. आमचा श्रावण आहे, पण तुमची अडचण कशाला? सर म्हणाले, शेवटच्या दिवशी त्रिंबकला घासफूस नको."

सगळे हसले, प्रेमाने. मीनाबाईने बोलायला तोंड उघडलं. त्रिंबकने तिच्याकडे नुसतं पाहिलं, तशी तिने पदर सारखा केला.

"शेंगापोळी द्या की जरा," त्रिंबक म्हणाला.

"अहो, लाजू नका काका."

"द्या. शेंगापोळीच द्या."

दोघांनी शेंगापोळी खाल्ली. डबा टेबलावर तसाच राहिला. झाकणातून रश्श्याचा वास यायला लागला, तसे एकदोघे आपली पानं घेऊन पलीकडच्या टेबलावर गेले. पुढे गप्पा झाल्या, फोटो झाले. या फोटोत त्रिंबक मधोमध होता.

निघताना साहेब जिन्यापर्यंत आले. "त्रिंबक, जाता जाता तेवढा डबा उचल रे. इथं कोण हात लावणार त्याला?"

त्रिंबकने शाल खांद्यावर नीट घेतली आणि हात जोडले.

"साहेब, मी रिटायर झालो की."

तो सावकाश जिना उतरला. मागे नारळ छातीशी धरून मीनाबाई उतरली. खाली त्याने स्कूटर स्टँडवरून काढली, ती मागे बसली. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या एकेक करून उघडत होत्या, आणि तो डबा कोणी उचलायचा यावरून आत आवाज चढत चालले होते.