भाजीचं पाणी

ज्या माणसानं वीस वर्षं मोताळ्याच्या बाजारात भाजी विकली, त्यालाच डॉक्टरनं भाजी बंद केली. तो माणूस म्हणजे माझे मालक, तुळशीराम. देवाला थट्टा करायला आमचंच घर सापडलं का, असं तेव्हा वाटलं होतं.

साल बहात्तर. पावसानं पाठ फिरवलेली, विहिरीचा तळ दिसत होता, आणि ह्यांचे पाय सुजून खांबासारखे झाले होते. दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत चाललीत, असं बुलढाण्याच्या डॉक्टरनं सांगितलं. मी सातवी शिकलेली, म्हणून त्यानं मलाच समोर बसवून समजावलं. केळी, मोसंबी, नारळपाणी बंद. पालक, मेथी, बटाटा, टमाटा यांच्यात एक क्षार असतो. आपल्या अंगातून तो लघवीवाटे निघून जातो. ह्यांच्या रक्तात साचणार आणि एक दिवस चालतं हृदय थांबवणार. भाजी द्यायचीच तर बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि पाणी फेकून द्यायचं. ‘फेकून’ हा शब्द तो दोनदा म्हणाला.

दोन कोसांवरून डोक्यावर आणलेलं पाणी, आणि ते फेकायचं! पहिल्याच दिवशी मी मेथीचं हिरवं पाणी मोरीत ओतताना सासूनं, तानुबाईनं, माझा हात धरला.

“बाप्पा! सारा कस त्याच्यातच उतरला अन् तू तोच फेकून राह्यली? माह्या पोराले चोथा चारतं काय?”

डॉक्टरचं सांगणं मी तिला दहादा सांगितलं. तिनं ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाली, “बरं बाई, त्याले कस नको तर नको. पन पानी मोरीत नको ओतू. बकरीले पाजतो म्या.”

मला ते पटलं. खरं सांगते, माझाही हात पाणी फेकायला धजत नव्हता. मी रोज ते पाणी गंजात झाकून चुलीशी ठेवायची आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. दुपारच्या भाकरी सासूकडे होत्या. बकरी ते पाणी पिते का, हे मी एकदाही पाहिलं नाही.

गोळ्यांनी सूज जरा उतरली आणि मी हुरळले. मग पायांतली ताकदच गेली. बाजेवरून उठायला ह्यांना माझा हात लागायचा. मी डॉक्टरकडे गेले, तर तो माझ्यावरच ओरडला, पाणी नक्की फेकता ना? मी ठासून हो म्हणाले. त्या ‘हो’ची मला आजही लाज वाटते.

एक दिवस खडी फोडताना बोटावर हातोडा बसला, म्हणून दुपारीच घरी आले. तानुबाई चुलीपुढे बसली होती. परातीत ज्वारीचं पीठ, आणि त्यात ती गंजातलं पाणी ओतून मळत होती. तव्यावरची भाकर हिरवट दिसत होती. मी परात उचलून अंगणात फेकली.

“हे काय केलं तुमी, आत्याबाई?”

“काऊन वं? पानी नाही पाजलं म्या त्याले. भाकर तं चालते ना?”

ती अंगणात पीठ गोळा करायला गेली. मालकांनी मला बाजेजवळ बोलावलं.

“मले पह्यल्याच दिवशी समजलं होतं,” ते म्हणाले. “भाजी विकनारा मानूस हाओ म्या. मेथीची चव लपते काय?”

“मंग बोलले काऊन नाही?”

“एवढ्याशानं काय होते, म्हटलं. अन् दुसरी भाकर मागितली की माय किती खूश व्हायची.” जरा दम घेऊन म्हणाले, “तिच्या भाकरीनं हे झालं, असं तिले सांगू नको. काही झालं तरी. माह्यी शपथ घे.”

मी घेतली. रागानं घेतली, कारण माणूस समोर बोलत होता आणि तो जाईल असं मला वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपून बुलढाण्याला निघालो. गावाची शीव ओलांडायच्या आतच ते गेले.

तेराव्याला गाव जमलं. तानुबाई ऊर बडवत होती. “या बाईनं डाक्टराच्या नादी लागून माह्या लेकाले चोथा चारला वं! सारा कस फेकत होती. म्या जेवढा वाचवला तेवढा भाकरीतून चारला, तरी नाही पुरला वं माय!”

सगळ्या बायका माझ्याकडे पाहू लागल्या. माझी सख्खी मावशी अन्नपूर्णाबाई, तिनंही मान फिरवली.

एक वाक्य पुरलं असतं. मी सुटले असते आणि म्हातारी तिथंच संपली असती. मला तिचा राग होता, पण त्याहून जास्त ह्यांचा होता. आईचं मन जीव देऊन जपलं, आणि मला मात्र शपथेत बांधून मोकळे झाले.

“हाव,” मी म्हणाले, “म्याच फेकलं. चुकलं माह्यं, आत्याबाई.”