रिकामी नळी

"गेला ना बाऊ?" माझा गुडघा खरचटला की ताई फुंकर घालून विचारायची. गुडघा चुरचुरतच असायचा. पण ती बिचारी कुठून कुठून धापा टाकत धावून आलेली. मी आपला डोळे पुसत "हो" म्हणायचो.

त्याला तीस वर्षं झाली. ड्राय नीडलिंगच्या प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस होता आणि तीच ताई वर्गाकडे पाठ करून स्टुलावर बसली होती. केसासारखी बारीक, बिनऔषधाची सुई नळीतून टिचकी मारून आखडलेल्या स्नायूच्या गाठीत घालायची, अशी ही विद्या. प्रात्यक्षिकाला पेशंट ज्याचा त्याने आणायचा होता. ताईचं केस कापायचं दुकान. दिवसभर हात उचललेला, त्यामुळे उजवा खांदा वर्षभर धरलेला. दीड महिना मीच सुया घालत होतो आणि दर वेळी ती "बरंय" म्हणत होती. मग आणणार कुणाला?

वीस फिजिओथेरपिस्ट मोबाइल उगारून उभे होते.

"ताई, हात वर ने. दुखायला लागलं की लगेच थांब हं."

हात खांद्याच्या रेषेत थांबला. मी नळी टेकवली, टिचकी मारली, आणि स्नायू मासोळीसारखा उसळला.

"पाहिलंत? गाठ बोलली!" हे वाक्य मी आठवडाभर आरशासमोर घोटलं होतं. सुई काढली. "आता सैल पडलं ना? जाऊ दे वर! आणखी! आणखी!"

हात थेट कानाला लागला. टाळ्या कडाडल्या. "जादू आहे राव याच्या हातात!" मागून कुणीतरी म्हणालं. मी विनयाने मान खाली घातली आणि मनातल्या मनात दवाखान्याच्या नव्या पाटीचा रंग ठरवून टाकला.

परीक्षक बाई साठीच्या, बोलणं मोजून मापून. त्या ताईच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "हात वर घ्या. दुखायला लागलं की लगेच थांबा."

हात पुन्हा खांद्याच्या रेषेत थांबला. जिथल्या तिथे!

मग त्यांनी माझ्या हातातली नळी घेतली, ताईच्या पाठीवर टेकवली, टिचकी मारली आणि हुबेहूब माझ्या थाटात गरजल्या, "गाठ बोलली! सैल पडलं ना? जाऊ दे वर! आणखी!"

हात कानाला. पुन्हा टाळ्या.

बाईंनी दुसरी मूठ उघडली. आत सुईचं न फोडलेलं पाकीट. नळी रिकामी होती.

वर्ग खो खो हसला. मला एकाएकी फरशीच्या नक्षीत फार रस वाटू लागला.

"आधी 'दुखलं की थांब', नंतर 'आणखी वर'," बाई म्हणाल्या. "तुम्ही खांदा नाही, मोजपट्टी बदललीत. आणि तो तुमचा 'ना'! 'सैल पडलं ना?' म्हटल्यावर मायेचं माणूस 'नाही' म्हणेल का? सुईने काहींना थोडाफार आराम पडतो. पण त्यातला सुईचा किती आणि तुमच्या तोंडाचा किती, हे कळायला हवं ना? तर आधी आणि नंतर, प्रश्न एकाच शब्दांत विचारा. आणि विचारणारा दुसरा कुणी असू दे."

आयुष्यभर मी बुवाबाबांची टर उडवत आलो. माझा दरबारही तसाच भरला होता. भगव्याऐवजी पांढरा कोट, एवढाच फरक. म्हणून सांगतो, चमत्कार दिसला की टाळी वाजवण्याआधी प्रश्न कसा विचारला ते ऐका. चमत्कार आपल्याच हातून घडला असेल, तर दोनदा ऐका.

मी स्टुलाला वळसा घालून ताईसमोर उकिडवा बसलो. "ताई, दुखतंय का?"

तिने आधी माझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"रागावू नकोस रे. खांदा दुखतोच आहे, पण त्याचं काही नाही. महिना झाला, या हाताची बोटं बधिर पडतायत. तू एवढा खुशीत असायचास, म्हणून बोलले नाही. परवा दुकानात एका मुलीच्या कानाला कात्री लागली. ती किंचाळली, तेव्हा मला कळलं."