नवऱ्याचा रकाना

अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या वाचनालयात करविवरणपत्रे विनामूल्य भरून देणारा लोवेल टोर्गर्सन तांत्रिक महाविद्यालयात यंत्रकाम शिकलेला होता. प्रत्येक कागद दोनदा तपासल्याशिवाय तो पेन उचलत नसे. त्या शनिवारी शाळेची बस चालवणारी मार्लिस आपला सारा अर्ज पेन्सिलीने भरूनच घेऊन आली. वैवाहिक स्थितीपुढे ‘अविवाहित’वर खूण होती आणि तिच्या बोटात मात्र अंगठी.

लोवेलचे कुतूहल चाळवले. चौकशीत कळले, की घरून परदेशांशी संपर्क साधणाऱ्या हौशी रेडिओवर चार वर्षे बोलून झाल्यावर गेल्या ऑक्टोबरात तिने आर्मेनियाला जाऊन तिथल्या गागिकशी लग्न केले. तो अमेरिकेत कधी आलेला नाही, त्याला इथला करक्रमांक नाही. म्हणून तिने स्वतःला अविवाहित धरले. बहीण तर त्याला ‘रेडिओवरचा नवरा’च म्हणते.

“बोलायचात तरी काय?” लोवेलला राहवेना.

“हवामान. मी म्हटलं, उणे तीस. तो म्हणाला, मग आमच्याकडे या, इथे नुसतं उणे अठरा आहे.”

लोवेल हसला, पण त्याची नजर त्या खुणेवरच होती. “त्याची व्हिसाची मुलाखत कधी आहे?”

“मे महिन्यात.”

“तिथला अधिकारी हे विवरणपत्र मागू शकतो. यात तर तुमचं लग्नच झालेलं नाही.”

मार्लिसचा चेहरा उतरला. लोवेलने तिच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. दोघांनी एकत्र भरले तर कर कमी बसेल. मात्र गागिकची तिकडची मिळकतही दाखवावी लागेल, आणि त्याला क्रमांक मिळवायला मूळ पारपत्र किंवा ते देणाऱ्या कचेरीची प्रमाणित प्रत धाडावी लागेल. प्रत कधी मिळेल, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. मूळ पारपत्र धाडले तर ते मेमधल्या मुलाखतीपर्यंत परत येईल, याची हमी नव्हती. दुसरी वाट म्हणजे ‘विवाहित, स्वतंत्र विवरण’: कर जास्त, पण नवऱ्याचे नाव लिहायचे आणि क्रमांकाच्या जागी ‘अनिवासी परदेशी’ असल्याची ‘एनआरए’ ही तीन इंग्रजी अक्षरे.

“आणि त्याची सही?”

“स्वतंत्र भरलं तर लागत नाही.”

 तिने खोडरबर मागून घेतले, ‘अविवाहित’वरची खूण कागद विरेपर्यंत पुसली आणि म्हणाली, “पारपत्र त्याच्याच खिशात राहू दे.”

लोवेलने कोरा अर्ज काढला. नवऱ्याच्या रकान्याशी येताच त्याने पेन तिच्या हाती दिले. फोनमध्ये गागिकच्या पारपत्राचे छायाचित्र होते, त्यात पाहून तिने त्याच्या नावाचे एकेक अक्षर लिहिले.

“आता दिसेल ना त्या व्हिसाच्या अधिकाऱ्याला, लग्न झालंय ते?”

“पहिल्याच पानावर,” लोवेल म्हणाला.