पहिलं झाड कोणी तोडलं

तेनेंगने मान म्हणून कोलाच्या बिया सुंतूच्या पुढ्यात ठेवल्या आणि हात झटकले.

"सांग आता. नदीकाठचं पहिलं झाड कोणाच्या पूर्वजाने तोडलं, ते अख्ख्या गावासमोर सांग."

फाबालाने तिच्या भातशेतावर हक्क सांगितला होता आणि सावरीखालच्या पारावर आज सरपंचांपुढे निवाडा होता; ज्याच्या पूर्वजाने पहिलं झाड तोडलं त्याचीच जमीन, असा रिवाज. सुंतू गावाचा जाली. सगळ्यांच्या वंशावळी त्याच्या घराण्याच्या जिभेवर. तो पारावर बोलला की ती काळ्या दगडावरची रेघ.

"आक्का, ऐक माझं," सुंतू हळूच म्हणाला. " अर्धं घे नि गप बस. फाबाला तयार आहे."

"अर्धं? माझ्या आईची हाडं झिजली त्या चिखलात! किती चारलं रे त्याने तुला?"

बायका फिदीफिदी हसल्या. फाबालाची मान खाली होती. मेल्याची पाचावर धारण बसलीय, असं वाटून तेनेंगला बरं वाटलं.

सुंतूने आपलं तंतुवाद्य, कोरा, मांडीवर घेतलं आणि तारा छेडल्या. मांडेच्या, पूर्वजांच्या जुन्या मुलखातून पश्चिमेला निघालेली माणसं, आटलेले झरे, वाटेत पुरलेली लेकरं, आणि मग ही नदी, भरतीला खारी होणारी. तेनेंग मान डोलावत होती.

"पहिली कुऱ्हाड घातली सीराफाने," सुंतू म्हणाला.

"ऐकलंत? माझा पूर्वज सीराफा!"

सुंतूच्या बोटांनी क्षणभर तार धरून ठेवली.

"कुऱ्हाड फाबालाच्या पूर्वजाची होती. सीराफाही त्याचाच. मिठाची एक लादी देऊन त्याने सीराफाला बाजारातून विकत आणलं होतं."

"खोटं! तुझ्या बापाने हे कधी गायलं नाही!"

"तुझी आई दर हंगामाला भाताची पहिली पाटी आमच्या दारात आणायची, आक्का. ती कशासाठी, वाटलं तुला? हे आम्ही गाऊ नये म्हणून." त्याने कोरा खाली ठेवला. "पारावर विचारलंस. इथे मला खोटं बोलता येत नाही गं."

शेजारणीने बसल्या बसल्या आपली चटई बाजूला ओढली. सरपंचांनी फाबालाकडे पाहिलं.

फाबाला सावकाश उठला. आवाजात राग नव्हता, उलट मायाच होती.

"शेत तूच कर, तेनेंग. आपल्या माणसाला कोणी हाकलतं का? फक्त उद्या माझ्या नातवाचं बारसं आहे. उजाडायच्या आत लेकींना घेऊन ये, धान्य कांडायचंय. मागच्या दाराने ये."