मला कोण आणणार

मी कुलूपवाला. पन्नास वर्षं लोकांची अडकलेली दारं उघडली आणि म्हातारपणी स्वतःच घरात अडकलो. खुबा मोडला, ऑपरेशन झालं आणि मुलानं मला वरच्या खोलीतून खाली बैठकीत आणून टाकलं. वर माझं कामाचं टेबल, माझ्या कानशी, माझी खिडकी. मध्ये चौदा पायऱ्या. मुलगा म्हणाला, "बाबा, दोन महिन्यांत चढून दाखवलंत तर वर राहा. नाहीतर कठड्याचा पलंग आणतो, इथेच झोपायचं." पोरगा वाईट नाही, घाबरट आहे. आईवर गेलाय.

आमची व्यायामवाली बाई वाचनालयाच्या मागच्या खोलीत रोज सकाळी म्हाताऱ्यांचा वर्ग घेते. तिचा एक विचित्र नियम. कुणी एकट्यानं यायचं नाही, वाटेत दुसऱ्याला त्याच्या घरून घेऊन यायचं. मी मास्तरांना आणायचं, मास्तरांनी टपालवाल्याला, टपालवाल्यानं शिवणमावशीला. पहिल्याच दिवशी मी फटकन विचारलं, "आणि मला कोण आणणार?"

"तुम्हाला कशाला कोण लागतंय, काका? तुमची जीभच तुम्हाला ओढत आणेल."

राग आला. पण बाई पक्की आहे हे तेव्हाच कळलं. स्वतःच्या गुडघ्यासाठी कोण उठतंय हो? मास्तर बूट घालून दाराशी उभे असतील म्हटलं की मात्र झक मारत उठावं लागतं. दोन महिन्यांत मी काठीवरून नुसत्या हाताच्या आधारावर आलो. हात पाय हलवायला सांगणारे पुष्कळ असतात. ही बाई माणसाला माणसाच्या गळ्यात अडकवते.

शनिवारी मुलासमोर पायऱ्या चढायला घेतल्या. अकराव्या पायरीवर गुडघ्यानं दगा दिला आणि मी मटकन खाली बसलो. मुलानं मला धरून खाली आणलं आणि पलंगवाल्याला फोन लावला. सोमवारी दुपारी पलंग येणार.

सोमवारी सकाळी मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. सून दोनदा डोकावली, मी झोपेचं सोंग घेतलं. मास्तर काय कुक्कुलं बाळ आहेत? येतील आपले आपण. खरं सांगतो, मला कुणाचं तोंड बघायचं नव्हतं.

साडेनऊला बेल वाजली. सुनेनं दार उघडलं तर चौकटीला धरून शिवणमावशी उभी, धापा टाकत. वय चौऱ्याऐंशी. दोन वर्षं कुणाचा दंड धरल्याशिवाय तिनं रस्ता ओलांडला नव्हता. मागे टपालवाला आणि त्याच्यामागे तोंड फुगवलेले मास्तर.

"माझ्या दारी कुणी आलं नाही," मावशी म्हणाली. "मग मीच निघाले. याला उठवलं, मास्तरांना बाहेर काढलं. आता तुझी पाळी. ऊठ."

"मावशी, एकटी आलीस? पडली असतीस म्हणजे?"

"पडले नाही ना? पायऱ्या किती आहेत तुझ्या?"

"चौदा."

ती कठडा धरून चढायलाच लागली. सुनेचा हात फोनवर गेला. चौऱ्याऐंशीची बाई माझ्या जिन्यावर चढते आणि मी अंथरुणात? लाज वाटली मला, चक्क लाज. मी मागोमाग निघालो. मास्तर खालून शाळेत मोजावं तसं मोजत होते. अकराव्या पायरीवर मी अडलो. मावशी थांबली, पण हात पुढे केला नाही. "सावकाश," एवढंच म्हणाली. बारा. तेरा. चौदा.

टेबलावरच्या कानशी सुनेनं जुन्या चादरीखाली झाकून ठेवल्या होत्या. मावशी माझ्या स्टुलावर बसली आणि मी खिडकीला टेकून रडलो. दुपारी पलंगवाले आले तेव्हा मीच जिना उतरून दार उघडलं आणि त्यांना परत पाठवलं.

वर असताना मावशीला विचारलं होतं, हे सुचलं कसं. ती म्हणाली, "बाईनं सांगून ठेवलंय. पहिला आला नाही तर शेवटच्यानं निघायचं."

सगळ्यांना सांगितलं होतं, फक्त मला नाही. दुसऱ्या दिवशी बाईला जाब विचारला. ती सतरंज्या अंथरत म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं, काका, तर तुम्ही रोज वाट बघत पडून राहिला असतात."

राहिलो असतोच.