तात्यांचं नाक

"दार लाव गं आधी! बाप-लेक बाटली घेऊन बसलेत म्हणून उद्या अख्ख्या अंथुर्ण्यात बोभाटा व्हईल," रंगूबाई चुलीपासून ओरडल्या.

"आई, साके हाय ही. तांदळाची जपानी दारू. मोठ्या कारखान्याची, म्हणून स्वस्त. पर हाय भारीतली." जपानात नोकरी लागल्यापासून उत्कर्षा पहिल्यांदाच घरी आली होती. तिनं टेबलावर दोन ग्लास भरून ठेवले. "तात्या, नुसता वास घ्या अन् सांगा."

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत जोतीरामांनी एकतीस वर्षं काढली होती. मळी आंबवायच्या टाकीवर वाकून नुसत्या वासावर सांगायचे, "आंबट वास मारतीय, ही बिघडली." साहेबलोक मान डोलवायचे. लेकीलाही डोळे मिटायला लावून वास ओळखायला त्यांनीच शिकवलं होतं. आणि त्या मेल्या करोनानं वासच नेला! ताप गेला, वास काही परत आला नाही. लाजेपायी त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ते शेजारी बसलेले असताना दूध करपलं की रंगूबाई म्हणायच्या, ध्यान कुठं असतं तुमचं?

आता लेकीपुढं पितळ उघडं पडणार. त्यांनी झटकन एक ग्लास उचलून नाकाशी नेला.

"वा! पिकल्या केळाचा वास हाय. झकास!"

उत्कर्षा हळूच म्हणाली, "तात्या, ते बोअरचं पाणी हाय. तिकडं साकेसंगट पाणी ठेवत्यात. साके ह्या ग्लासात हाय."

जोतीरामांनी ग्लास खाली ठेवला.

"कधीपास्नं?"

"करोनापास्नं." एवढं बोलले आणि डोक्यावरची गोणी उतरल्यागत त्यांना हलकं वाटलं. डोळे भरून आले.

रंगूबाई दारात येऊन उभ्या होत्या. "म्हंजी ते दूध... अवो, एवढ्या शिव्या खाल्ल्या, पर सांगितलं न्हाय!" त्यांनी पदर डोळ्याला लावला.

उत्कर्षानं दुसरा ग्लास हुंगला. "पर केळं खरंच हाय, तात्या! कसं वळाखलं?"

"आंबवण नीट जमलं की येतंच ते. एकतीस वर्षं काय गवत उपटत हुतो व्हय?"

तिघंही हसली. जोतीरामांनी साकेचा घोट घेतला. जिभेला गोडसर लागलं, घशात ऊब उतरली. खिडकीतून कारखान्याकडचा वारा येत होता.

"मळीचा वास येतोय का गं?"

"येतोय."

"आंबट?"

"न्हाय. गोड हाय."

"मग बरं चाललंय," म्हणत जोतीरामांनी डोळे मिटून दुसरा घोट घेतला.